रेवणप्पाच्या गोळीचा वेग

रेवणप्पा त्या दिवशी परवान्याच्या टेबलापासून तीनदा उठला आणि तीनदा परत येऊन बसला. पहिल्यांदा त्याला वाटलं, आपलंच वाचण्यात चुकलं असेल. दुसऱ्यांदा वाटलं, कारकुनाने गंमत केली असेल. तिसऱ्यांदा तो टेबलावर राहिलेला चष्मा घ्यायला आला, आणि आलोच आहोत तर म्हणून चष्मा लावून पुन्हा वाचलं. रकाना क्रमांक चौदा जागचा हलला नव्हता. 'गोळीचा वेग (फूट, दर सेकंदास).'

"हे काय हाय साहेब?"

"वेग," भीमाशंकर कारकून म्हणाला. त्याच्या खिशाला चार पेनं होती आणि चारही चालू होती.

"ठासणीच्या बंदुकीला कुठला आलाय वेग? चाप वढला की धडाम. येवढंच."

"धडाम म्हणजे किती फूट?" भीमाशंकरने पेन उचललं.

रेवणप्पाने घाम पुसला. "उस्मानाबादला असलं काई इचारत नव्हते."

"म्हणून तर नवा जिल्हा केला."

लातूर जिल्हा होऊन सहा महिनेही झाले नव्हते. पंधरा ऑगस्टला झेंडा वर गेला, भाषणं झाली, आणि अहमदपूरजवळच्या खैरदऱ्याच्या, म्हणजे रेवणप्पाच्या गावच्या लोकांना कळलं की आपण रात्री झोपलो ते एका जिल्ह्यात आणि उठलो ते दुसऱ्यात. पाऊस मात्र जुन्या जिल्ह्यातही पडला नव्हता आणि नव्यातही पडला नाही. रेवणप्पाला आनंद एवढाच होता की बंदुकीच्या परवान्यासाठी आता उस्मानाबादची वारी नको. अहमदपूरहून लातूर तसं जवळ. कचेरी जवळ आली की काम लांबतं, हे त्याला टेबलासमोर बसल्यावर कळलं.

भीमाशंकर माणूस वाईट नव्हता. नव्या जिल्ह्यातल्या बंदुकांची नोंद जुन्यापेक्षा चांगली व्हावी, या तळमळीने त्याने चार रविवार खर्चून हा अर्ज स्वतः तयार केला होता. त्यासाठी त्याने रायफलींवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक पुढ्यात ठेवलं होतं. त्यात जे जे विचारलेलं होतं ते ते त्याने विचारलं. आता त्याच्यापुढे ठासणीच्या बंदुकांचे एक्केचाळीस अर्ज होते आणि चौदावा रकाना एक्केचाळीस ठिकाणी कोरा होता.

"कोरा रकाना साहेब घेत नाहीत," तो जरा हळवा होऊन म्हणाला. "या महिन्याच्या आत भरून आणा आप्पा. नाहीतर बंदूक ठाण्यात जमा."

महिना संपायला नऊ दिवस होते.

अहमदपूरच्या स्टँडवर खैरदऱ्याच्या गाडीची वाट बघताना रेवणप्पा बाकावर टेकेना. उठायचा, वेळापत्रक वाचायचा, पुन्हा बसायचा. बंदूक गेली तर काय होणार हे त्याला स्वच्छ दिसत होतं. विहिरीच्या तळाशी हातभर पाणी उरलं होतं. त्या पाण्यावर त्याने अर्धा एकर रताळी जगवली होती. महाशिवरात्रीला देवळात साऱ्या गावाच्या उपासाची रताळी रेवणप्पाच्या घरची, हा बापापासूनचा रिवाज. औंदा साऱ्या शिवारात हिरवं म्हणावं असं तेवढंच होतं, आणि ही बातमी डोंगरातल्या रानडुकरांपर्यंत पोचलेली होती. दिवस मावळला की कळप उतरायचा. तीस सऱ्यांपैकी सोळा उरल्या होत्या. बंदूक गेली की सोळाही जाणार.

पण खरी गोम वेगळीच होती, आणि ती त्याची बायको शिवम्मा हिच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती. रेवणप्पाने त्या बंदुकीत आजवर एकदाही गोळी घातली नव्हती.

बावीस वर्षांपूर्वी गुरुपादप्पा, म्हणजे रेवणप्पाचे वडील गेले आणि बंदूक त्याच्याकडे आली. त्या दिवशी आई सिद्धम्माने त्याला समोर बसवलं. गळ्यातलं इष्टलिंग हातात घ्यायला लावलं. म्हणाली, "आवाज करायचा तेवढा कर. जीव घ्यायचा न्हाई." रेवणप्पाने 'हाव' म्हटलं. पुढे आई गेली, शब्द राहिला. तेव्हापासून नळीत दारू ओतायची, वर शिवम्माच्या जुन्या लुगड्याची चिंधी, गजाने ठासायचं, तांब्याची टोपी बसवायची, आणि धडाम. डुकरं पळायची. गोळीची कधी गरजच पडली नाही.

गावाला हे माहीत नसल्यामुळे गावाने आपला अर्थ काढला. बावीस वर्षं माणूस बार टाकतो आणि एक डुक्कर पडत नाही, म्हणजे नेम किती वाईट असेल! लग्नाची पत्रिका चुकून भलत्याच घरी गेली तरी लोक म्हणायचे, रेवणप्पाचा नेम. पाहुण्याच्या ताटात वाढलेलं वरण मांडीवर सांडलं, रेवणप्पाचा नेम. तो ऐकून घ्यायचा. सांगावं तर परवाना पीकरक्षणाचा; रिकाम्या बंदुकीने कसलं रक्षण, असं कुणी म्हटलं तर? आणि पाचदहा वर्षं गप्प बसल्यावर पुढे सांगायला तोंडही राहत नाही.

दुष्काळाने यातही बदल केला. भुकेल्या डुकरांना आवाजाची सवय झाली. परवाच्या बाराला कळपाने फक्त एक सरी बदलली.

"कुणाची वाट बघून राहिले? लई फेऱ्या मारताय," बाकावरचा माणूस म्हणाला. तो शेषेराव मास्तर निघाला, अहमदपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवणारा. रेवणप्पाने आपलं दुखणं सांगितलं. चौदावा रकाना ऐकताच मास्तर उठून उभा राहिला आणि तोही फेऱ्या मारायला लागला.

"होतं! मोजता येतं!"

"काय सांगता गुरुजी?"

"अठरा वर्षं झाली, हा प्रयोग मी फळ्यावर खडूनं काढतोय. डोळ्यानं एकदासुद्धा पाहिला नाही. आमच्या प्रयोगशाळेत एक तराजू आहे, त्याला एकच पारडं." मास्तरने रेवणप्पाचा दंड धरला. "हे बघा. धावती गोळी दिसत नाही. मग ती कशाला तरी धडकू द्यायची. एक जड ओंडका दोरानं टांगायचा. गोळी त्यात रुतली की ओंडका थोडासा झोका घेतो. झोका केवढा ते मोजायचं. ओंडक्याचं वजन ठाऊक, गोळीचं ठाऊक. मग हिशेबानं उलटं चालत गोळीपर्यंत जायचं."

"म्हंजे गोळी मारावी लागंल."

"मग काय फुंकर मारणार?"

त्या रात्री रेवणप्पाला जेवण गेलं नाही. शिवम्मा भाकरी थापत होती. त्याने चुलीकडे बघत विचारलं, "वाळल्या लाकडात जीव असतो का गं?"

"रोज दोन वक्त जाळून राहिले मी. असला तर तुमच्या आधी मीच नरकात."

एवढी परवानगी त्याला पुरली.

तयारीला पाच दिवस लागले. शिसं भोयाकडे मिळालं. गावतळं कोरडं पडल्यापासून त्याचं जाळं खुंटीला होतं, आणि त्याला लावलेल्या शिशाच्या मण्यांना काही काम नव्हतं. "पानी आलं की परत द्या आप्पा," भोई म्हणाला. लोहाराने काचेच्या गोटीचा ओल्या मातीत ठसा घेतला आणि त्यात शिसं ओतून तीन गोळ्या पाडल्या. सोनाराने एक तोलली: दोन तोळे एक मासा. बाभळीचा ओंडका दुकानातल्या काट्यावर वीस किलो भरला. जुन्या मोटेचा नाडा होता, त्या नाड्याने ओंडका विहिरीशेजारच्या चिंचेला टांगला, दहा फूट दोर सोडून, जमिनीपासून मांडीएवढ्या उंचीवर. ओंडक्याच्या बुडाला मास्तरने एक काडी खोचली आणि खाली पाट ठेवून त्यावर राख पसरली, म्हणजे ओंडका हलला की काडी राखेत रेघ ओढणार. राख शिवम्माने दिली. देवाच्या भस्मासाठी चाळून ठेवलेल्या डब्याला मात्र तिने हात लावू दिला नाही. "चुलीतली घ्या. वेगाला काय कळतंय!"

रविवारी दुपारी सगळं जमलं. बांधापलीकडचा दगडोबा बघायला आला. त्याची रताळी नव्हती, पण त्याचं मत होतं.

"गुरुजी, वीस पावलांवरून वंडका? आप्पाला चिंच दाखवा आदी, मग वंडका."

मास्तरने रेवणप्पाला आठ पावलांवर आणलं आणि बंदूक बैलगाडीच्या दांडीवर टेकवून दोरीने आवळली. आता नेमाचा प्रश्नच उरला नाही. रेवणप्पाला बरं वाटलं. दारू किती, हे लोहाराने सांगून ठेवलं होतं: गोळी तळहातावर ठेवायची आणि ती झाकेपर्यंत वर दारू ओतायची. त्याने तशी मोजली. मास्तरने दांडी बंदुकीसकट वर उचलून धरली, तशी त्याने ती नळीत ओतली. चिंधी ठासली. आणि मग बावीस वर्षांत पहिल्यांदा गोळी नळीत सोडली. ती खुळखुळत आत गेली. मास्तरने दांडी ओंडक्याच्या दिशेने खाली केली, तशी ती खुळखुळत बाहेर आली आणि दगडोबाच्या पायाशी जाऊन थांबली.

दगडोबाने ती उचलली. गोळीकडे बघितलं, रेवणप्पाकडे बघितलं.

"आप्पा, बावीस वरसं मारून राहिले ना तुमी?"

रेवणप्पाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "ही गोटीच्या मापाची हाय," तो म्हणाला. "आमची जरा येगळी असती."

"हाव. तुमची दिसतच न्हाई, येवढी येगळी."

मास्तरने गोळीवर कागदाचा बोळा ठासायला लावला. टोपी बसली. रेवणप्पाने डोळे मिटले आणि चाप ओढला. धूर निघाला. धूर गेल्यावर तिघे पाटावर वाकले. राखेत चार बोटं लांब रेघ होती. मास्तरने गुडघ्यावर वही ठेवली, बराच वेळ गुणाकार केला आणि त्याचा चेहरा पडला.

"तीनशे चाळीस फूट. यापेक्षा जोरात आमचे हेडमास्तर खडू मारतात."

दोष कुणाचा, यावर चर्चा झाली. मास्तर म्हणाला, गोळी नळीत सैल आहे. दारूचा जोर गोळीला न ढकलता तिच्या बाजूने निसटतो. दुसरी गोळी त्याने करडीच्या तेलात भिजवलेल्या चिंधीत गुंडाळली, म्हणजे ती नळीला घट्ट बसेल आणि धूर मागे कोंडेल. गजाने ती खाली ढकलताना रेवणप्पाला दोन्ही हात लावावे लागले. दारू तेवढीच, मोजून.

या वेळी आवाजच निराळा होता. बावीस वर्षं तो जो आवाज ऐकत आला होता तो फट्ट वाटावा असा. ओंडका दचकल्यासारखा मागे गेला आणि नाडा कुरकुरला. राखेत रेघ होती अठरा सेंटिमीटर.

"आठशे त्र्याहत्तर!" मास्तर ओरडला. "दर सेकंदाला आठशे त्र्याहत्तर फूट! रेवणप्पा, चिंचेपासून देवळाच्या कळसापर्यंत एका सेकंदात!"

दगडोबाने मान वळवून कळस कुठे आहे ते बघितलं.

रेवणप्पा ओंडक्याजवळ गेला. भोकात त्याने बोट घातलं. दोन पेरं आत गेलं तरी शिसं लागलं नाही. भोक गरम होतं. त्याने बोट झटकन बाहेर काढलं आणि धोतराला पुसलं. इतकी वर्षं आपण खांद्यावर काय घेऊन हिंडलो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. चौदावा रकाना भरला होता. त्याला मोकळं वाटायला हवं होतं. उलट तो बोट पुन्हा पुन्हा धोतराला पुसत राहिला.

"आता तिसरी," मास्तर म्हणाला. "विज्ञानात एकावर विश्वास ठेवत नाहीत. सरासरी लागते."

तिसरी गोळी तेलाच्या चिंधीत गुंडाळून रेवणप्पाने ठासली, आणि गज बाहेर काढतो तोच फाट्यावर गाडीचा हॉर्न वाजला. अहमदपूरची शेवटची एसटी. मास्तरने वही बगलेत मारली आणि सऱ्यांवरून उड्या मारत पळत सुटला.

"गुरुजी, ही ठासलेली?"

"उद्या सकाळी! पहिल्या गाडीनं येतो! ओंडक्याला कुणी हात लावू नका!"

दगडोबाही म्हशीच्या धारेला गेला. उरले रेवणप्पा आणि गोळी घातलेली बंदूक.

ठासणीच्या बंदुकीची एक खोड असते. ती भरता येते, रिकामी करता येत नाही. घट्ट चिंधीतली गोळी आत गेली की तिला बाहेर यायला एकच वाट. रेवणप्पाने बंदूक गाडीपासून सोडली. घरात न्यावी तर शिवम्मा आहे. शेतात ठेवावी तर कुणी उचलली तर? आभाळात उडवावी तर ती खाली येणार, आणि कुठे येणार हे मास्तरने सांगितलेलं नव्हतं. विहिरीत मारावी तर पाणी हातभर, त्यातही गोळी घालायची? तो बसला, उठला, विहिरीला एक चक्कर मारली, पुन्हा गाडीच्या जुवावर बसला. बंदूक तीच होती, पण आज तिचं वजन दोन तोळे एक मासा जास्त होतं आणि ते खांद्याला कळत होतं. कमरेच्या पिशवीत एक टोपी होती. त्याने ती काढली. सरासरीसाठी लागेल म्हणून घोड्याखाली बसवली. मग घाबरून काढली. मग पुन्हा बसवली.

दिवस डोंगराला टेकला आणि कळप उतरला.

पुढे मोठा नर होता, मानेवरचे केस उभे, एक सुळा तुटका. बांधावर रेवणप्पा दिसत असूनही त्याने चालीत फरक केला नाही. सरळ उरलेल्या अकरा सऱ्यांत शिरला. मागून मादी आणि सहा-सात पिल्लं. वेल उपटल्याचा आवाज आला, मग रताळं फुटल्याचा, मग समाधानाचा. रेवणप्पा ओरडला. ढेकूळ फेकलं. नराने मान वर केली, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघितलं, आणि पुन्हा खाली घातली. महाशिवरात्रीला दहा दिवस उरले होते. विहिरीतलं पाणी त्याने घागरीने घातलं होतं, एकेका वेलाला, जावयाला वाढावं तसं.

तीन सऱ्या झाल्यावर नराला पाठ खाजवावीशी वाटली. त्याने आजूबाजूला बघितलं. चिंचेखाली, त्याच्याच उंचीवर, बाभळीचा खरबरीत ओंडका टांगलेला होता. तो तिथे गेला, आडवा उभा राहिला, डोळे मिटले आणि ओंडक्याला अंग घासायला लागला.

रेवणप्पाच्या डोक्यात काहीतरी तुटलं. रताळी खाल्ली ते एक वेळ सोडून दिलं असतं. पण हा खाऊन वर विज्ञानाला पाठ घासतो! त्याने बंदूक खांद्याला लावली. घोडा ओढला. नळीच्या टोकाला नराचा कान आला. आठ पावलं. गाडीची दांडी नाही, दोरी नाही, कुणी बघत नाही. कानामागे बरोबर जागा होती. त्याला आई आठवली नाही. गळ्यातलं लिंग आठवलं नाही. आठवला तो आकडा. आठशे त्र्याहत्तर.

त्याने या वेळी डोळे मिटले नाहीत. चाप ओढला.

खांद्याला असा दणका बसला की तो मागे जुवावर आदळला. धुरात काही दिसेना. धुरापलीकडे 'ठक्क' झालं, मग कुणीतरी कुणाला तरी धपाटा घालावा तसा आवाज, मग अशी एक किंकाळी की देवळातली कबुतरं उडाली. धूर सरला तेव्हा नर डोंगराच्या दिशेने असा पळत होता की मास्तरने त्याचाही वेग काढला असता. मागे मादी, मागे पिल्लं. ओंडका झोके घेत होता. गोळी नराच्या मानेवरून वीतभर उंच जाऊन लाकडात रुतली होती. मागे गेलेला वीस किलोचा ओंडका परत येताना त्याच्या बरगडीत बसला होता. बावीस वर्षांच्या आवाजाला आज पहिल्यांदा हात फुटले होते.

रेवणप्पा बसल्या जागेवरून उठला नाही. आपण नेम कुठे धरला होता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"आप्पा!" बांधावर दगडोबा उभा होता, हातात दुधाची चरवी, निम्मं दूध सांडलेलं. "आप्पा, काय केलं हो हे! डुकराच्या केसाला धक्का न लावता वंडक्याला मारलं? वंडक्यानं डुकराला?"

रेवणप्पाने बंदूक जमिनीवर ठेवली.

"आन् आमी येडे! बावीस वरसं म्हनून राहिलो, नेम न्हाई, नेम न्हाई. आवो, नेम हाय म्हनूनच जीव घेत नव्हते तुमी!" दगडोबाचे डोळे पाणावले. तो उरलेलं दूध तिथेच ठेवून गावाकडे पळाला.

घरी शिवम्मा उंबऱ्यात उभी होती. दगडोबा तिच्या आधी चौघांना आणि तिच्यानंतर चाळीस जणांना सांगून गेला होता. तिने रेवणप्पाला पाणी दिलं. तो प्यायला. ती समोर बसली.

"नेम कुठं धरलता?"

खोटं बोलायला आज कधी नव्हे एवढी सोय होती. सारं गाव त्याच्या बाजूने साक्ष द्यायला तयार होतं.

"कानामागं," तो म्हणाला.

शिवम्मा उठून चुलीशी गेली. चुलीतलं लाकूड तिने आत सारलं.

"आन् गेली कुठं?"

"वीतभर वर."

"बरं झालं बाई," ती म्हणाली, "तुमाला खरंच नेम न्हाई ते."

सकाळी पहिल्या गाडीने मास्तर आला आणि पाटाशी बसून राहिला. राखेत रेघ नव्हती. खुरांचे ठसे होते, लोळण होती आणि काही केस. "ओंडक्याला हात लावू नका म्हटलं होतं," तो खचलेल्या आवाजात म्हणाला. मग थोडा विचार करून त्याने विचारलं, "डुकराचं वजन किती असेल?"

सरासरी राहिली ती राहिलीच. रेवणप्पाने चौदाव्या रकान्यात ८७३ लिहिलं आणि लातूर गाठलं. भीमाशंकरने तो आकडा वाचला, खुर्ची मागे सारून उभा राहिला आणि दोन्ही हातांनी रेवणप्पाचा हात धरला. नव्या जिल्ह्याला पहिला वेग मिळाला होता. परवान्यावर शिक्का बसला. मग त्याने उरलेले चाळीस अर्ज पुढे ओढले, चांगलं चालणारं पेन निवडलं आणि चाळीसही चौदाव्या रकान्यांत सुवाच्य अक्षरात ८७३ लिहिलं.

"सगळ्यांचा एकच?" रेवणप्पाने विचारलं.

"एकाच जिल्ह्यातल्या आहेत," भीमाशंकर म्हणाला.

कळप पुन्हा उतरला नाही. आठ सऱ्यांची रताळी निघाली, बारीक पण गोड. महाशिवरात्रीला देवळापुढे ती उकडली तेव्हा दोन शेजारच्या गावांची माणसं रेवणप्पाला न्यायला आली होती. त्यांच्याही शिवारात डुकरं होती. जीव न घेता हाकलणारा नेमबाज त्यांना हवा होता. दगडोबा त्यांना ओंडक्यातली तिन्ही भोकं दाखवत होता, बोट घालून.

रेवणप्पाला बसवेना. तो उठला. आईला दिलेला शब्द राहिला होता, पण राखला होता तो त्याने नाही, आणि हे ओझं बंदुकीपेक्षा जड होतं. देवाच्या दारात, सगळ्यांसमोर त्याने हात जोडले.

"ऐका. माझ्या बंदुकीत गोळीच नसती. बावीस वरसं नुसती दारू आन् चिंधी. त्या दिशी होती, तर मी डुकराच्या कानावरच नेम धरलता. चुकला."

 मग दगडोबा मांडीवर थाप मारून हसला, त्याच्यामागे गाव हसलं, पाहुणे हसले. शिवम्मा तेवढी खाली बघून रताळी सोलत राहिली.

"बघा, बघा," दगडोबा पाहुण्यांना म्हणाला, "येवढा नेम आन् कनभर गर्व न्हाई!"

रेवणप्पा उभाच राहिला. शिवम्मा सोडली तर त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवणारी त्या शिवारात फक्त डुकरं होती, आणि ती आता येत नव्हती.